न्यूझीलंडमधील जपानी आयात गाडी: घरच्या घरी दुरुस्ती आणि सुधारणा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

न्यूझीलंडच्या रस्त्यांवर जपानहून वापरून आलेल्या गाड्यांची संख्या मोठी आहे. ऑकलंड किंवा वेलिंग्टनला नव्याने स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाची पहिली गाडीही बहुधा त्यांतलीच एखादी टोयोटा ॲक्वा, होंडा फिट, माझदा डेमिओ किंवा निस्सान टीडा असते. पुण्यात ओळखीच्या गॅरेजवाल्याला फोन केला की काम होत असे. इथे मेकॅनिकच्या एका तासाची मजुरीच शंभर डॉलरच्या पुढे जाते, त्यामुळे हातात पाना घेण्याची वेळ लवकर येते. पुढील उत्तरे अशा गाडीमालकांसाठी आहेत. त्यांतील नियम न्यूझीलंडचे आहेत.

जपानी आयात गाडी आणि इथे नवीन विकलेली जपानी गाडी यांत फरक काय?

कंपनी तीच असली तरी आयात गाडी जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बांधलेली असते. इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन असे यांत्रिक भाग पुष्कळदा निर्यात मॉडेलशी जुळतात. रेडिओ, नकाशा, डॅशबोर्डवरील सूचना, मालकाची पुस्तिका आणि कधीकधी दिवे व सीटबेल्टचे भाग मात्र जुळत नाहीत. नावेही बदलतात: जपानमधील विट्झ बाहेर यारिस होते, फिटची जॅझ होते, डेमिओची माझदा २, ॲक्सेलाची माझदा ३ आणि ॲक्वाची प्रियस सी होते. इंग्रजी दुरुस्ती पुस्तिका किंवा एखाद्या कामाचा व्हिडिओ शोधताना निर्यातीच्या नावाने शोधल्यास बरेच काही हाती लागते. सुटा भाग मागवताना मात्र नावावर अजिबात विसंबू नये.

मग सुटा भाग मागवताना गाडीची ओळख कशी सांगावी?

चॅसिस क्रमांकाने. जपानच्या देशांतर्गत गाड्यांना सतरा अक्षरांचा व्हीआयएन (गाडीचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) नसतो. मॉडेलचा संकेत आणि त्यापुढे अनुक्रमांक, अशी त्यांची रचना असते. पहिल्या पिढीच्या ॲक्वाचा क्रमांक ‘एनएचपी१०’ने सुरू होतो, तर तिसऱ्या पिढीच्या प्रियसचा ‘झेडव्हीडब्ल्यू३०’ने. नोंदणीच्या कागदावर जो सतरा अक्षरांचा क्रमांक दिसतो तो अशा गाडीला न्यूझीलंडमध्ये आल्यावर दिलेला असतो आणि त्याची सुरुवात बहुधा ‘७एटी’ अशी (२००९ पूर्वी आलेल्या गाडीत ‘७ए८’ अशी) असते. हा क्रमांक परदेशी संकेतस्थळांवर टाकला तर काहीच सापडत नाही, आणि गाडीच बनावट आहे की काय अशी शंका नवख्या मालकाला येते. तसे काही नसते.

बॉनेट उघडल्यावर इंजिनमागच्या पत्र्यावर किंवा दाराच्या खांबावर एक धातूची पट्टी किंवा स्टिकर असतो. त्यावर मॉडेलचा पूर्ण संकेत, इंजिनाचा संकेत, रंगाचा क्रमांक आणि आतील सजावटीचा क्रमांक छापलेला असतो. त्याचा स्पष्ट फोटो फोनमध्ये कायम ठेवावा. भंगार यार्डात जाताना हा फोटो आणि जुना भाग, दोन्ही सोबत न्यावेत, कारण एकाच वर्षाच्या दोन डेमिओंमध्येही ब्रेक डिस्कचा व्यास वेगळा निघू शकतो.

दारावर आणि बॉनेटखाली जपानी अक्षरांचे स्टिकर आहेत. ते काढून टाकावेत का?

आधी वाचावेत. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर केल्यास त्यांतील बहुतेक स्टिकर ऑइल बदल, टायमिंग बेल्ट किंवा बॅटरी बदलल्याची नोंद असल्याचे कळते. तारखेचा घोटाळा तेवढा लक्षात ठेवावा लागतो: जपानी गॅरेजे पुष्कळदा सम्राटाच्या कारकिर्दीचे वर्ष लिहितात. हेइसेई काळाच्या वर्षात १९८८ मिळवले आणि रेइवा काळाच्या वर्षात २०१८ मिळवले की इसवी सन मिळतो. म्हणजे हेइसेई २५ हे २०१३ झाले आणि रेइवा ३ हे २०२१. ज्या सुबारूच्या बेल्टच्या आवरणावर असा स्टिकर नाही, तिचा बेल्ट कधीच बदललेला नाही असे धरून चालावे. सुबारूच्या जुन्या ईजे मालिकेतील इंजिनांचा बेल्ट एक लाख किलोमीटरला बदलायचा असतो आणि तो तुटल्यास बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. हे काम पहिल्यांदाच हत्यार हाती घेणाऱ्याने करू नये.

जपानमधील लिलावात गाडीची तपासणी करून बनवलेली लिलावाची पत्रिका मिळाली असेल तर तीही जपून ठेवावी. गाडीच्या आकृतीवर ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे दुरुस्तीची खूण, ‘एस’ म्हणजे गंज, ‘सी’ म्हणजे पत्रा खाणारा गंज आणि ‘एक्सएक्स’ म्हणजे बदललेला भाग. होक्काइडो किंवा तोहोकूसारख्या बर्फाच्या प्रदेशातून आलेल्या गाडीवर रस्त्यावरच्या मिठाचा परिणाम झालेला असतो. त्यामुळे पत्रिकेत ‘एस’ किंवा ‘सी’ दिसल्यास पहिल्याच आठवड्यात गाडी स्टँडवर घेऊन खालचा भाग टॉर्चच्या प्रकाशात पाहावा. पृष्ठभागावरचा तांबूस थर घासून रंगवता येतो. चौकटीच्या पत्र्याला भोक पडले असेल तर ते वेल्डिंगचे आणि तज्ज्ञाचे काम आहे, आणि तशी गाडी वॉरंट ऑफ फिटनेसच्या (गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित आहे ना, हे पाहणाऱ्या सक्तीच्या) तपासणीत नापास होते.

सुरुवातीला कोणती हत्यारे घ्यावीत?

दहा, बारा, चौदा आणि सतरा मिलिमीटरचे सॉकेट, चाकाच्या नटासाठी एकोणीस किंवा एकवीस मिलिमीटरचा सॉकेट, टॉर्क रेंच, हायड्रॉलिक जॅक आणि दोन मजबूत स्टँड. दहाचे सॉकेट दोन घ्यावेत, कारण एक हरवतेच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातही घालू नये. गाडीसोबत येणारा कात्री जॅक केवळ पंक्चर झालेले चाक बदलण्यापुरता असतो.

जपानी गाडीतील फुलीच्या स्क्रूंना नेहमीचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर नीट बसत नाही. जपानी मानकाच्या (जेआयएस) स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा एक लहानसा ठिपका असतो. अशा स्क्रूला फिलिप्सचे टोक वर सरकते आणि खाच झिजून जाते. ब्रेक डिस्क धरून ठेवणारे किंवा ब्रेक फ्लुइडच्या टाकीजवळचे गंजलेले स्क्रू अशा वेळी हमखास खराब होतात. जेआयएस टोकाचा एक चांगला स्क्रू ड्रायव्हर महाग नसतो, तो जरूर घ्यावा.

चाकांचे नट विकत घेताना आटे तपासावेत. टोयोटा, होंडा, माझदा आणि मित्सुबिशी यांच्या बहुतेक छोट्या गाड्यांना १२ मिलिमीटर व्यासाचे आणि १.५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे नट लागतात. निस्सान, सुबारू आणि सुझुकीला १.२५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे. चुकीचा नट दोन फेरे सहज फिरतो आणि मग अडकतो. तिथे जोर लावला की स्टडचे आटे गेलेच म्हणून समजावे.

ऑइल बदलणे खरोखर घरी जमण्यासारखे आहे का?

होय, आणि सुरुवात त्यानेच करावी. पहिल्या पिढीच्या ॲक्वाच्या दीड लिटर इंजिनाला फिल्टरसह सुमारे ३.७ लिटर ०डब्ल्यू-२० ऑइल लागते. इंजिन थोडे गरम असावे, उकळते नसावे. ॲक्वासारख्या हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या) गाडीत एक धोका वेगळा आहे: गाडी ‘रेडी’ अवस्थेत, म्हणजे चालू स्थितीत, राहिली असेल तर बॅटरी उतरताच इंजिन आपोआप सुरू होते. ऑइल निथळत असताना ते सुरू झाले तर इंजिन कोरडे फिरते, शिवाय हात अडकण्याची भीती असते. म्हणून गाडी पूर्ण बंद करून स्मार्ट की घरात, गाडीपासून दूर ठेवावी.

ॲक्वाचा निचरा बोल्ट चौदाच्या सॉकेटने उघडतो. त्याचा वॉशर दर वेळी नवा घालावा. त्याची किंमत नगण्य असते आणि तोच जुना वापरल्यामुळे घराच्या ड्राइव्हवेवर थेंबांची रांग उमटते. बोल्ट आधी हाताने पूर्ण फिरवून बसवावा आणि मगच टॉर्क रेंचने आवळावा, कारण ऑइल पॅनचे आटे बिघडले तर वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च होतो. ऑइल भरून इंजिन मिनिटभर चालवावे, बंद करावे, पाच मिनिटांनी काडीवर पातळी पाहावी आणि गाडीखाली पुन्हा एकदा वाकून पाहावे.

केबिनचा फिल्टर, इंजिनचा एअर फिल्टर, वायपरची रबरे आणि स्पार्क प्लग ही कामेही त्याच श्रेणीतली आहेत. केबिन फिल्टर ग्लव्ह बॉक्समागे असतो आणि जपानमध्ये बसवलेला मूळ फिल्टर काढला की त्यातून वाळलेली पाने निघणे हे नेहमीचेच आहे.

महिनाभर भारतात जाऊन आल्यावर हायब्रिड गाडी सुरूच होत नाही. बॅटरी गेली का?

गाडी चालवणारी मोठी बॅटरी नव्हे, बारा व्होल्टची लहान बॅटरी उतरलेली असते. टोयोटाच्या हायब्रिड गाडीत नेहमीचा अल्टरनेटर नसतो. लहान बॅटरी मोठ्या बॅटरीतून चार्ज होते आणि तेही गाडी ‘रेडी’ अवस्थेत असतानाच. गाडी उभी असताना स्मार्ट कीचा रिसीव्हर, घड्याळ आणि अलार्म थोडी थोडी वीज घेत राहतात. जुन्या बॅटरीला चार-पाच आठवडे जड जातात. परत आल्यावर दार उघडत नाही, डॅशबोर्डवरचे सगळे इशारे एकदम लुकलुकतात आणि घरच्यांना वाटते की हजारो डॉलरचा खर्च आला.

दार उघडण्यासाठी स्मार्ट कीच्या आत लपवलेली धातूची चावी बाहेर काढावी. ॲक्वाची लहान बॅटरी मागच्या सीटखाली असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये ती डिकीत उजवीकडे असते. डिकीचे कुलूप विजेवर चालत असल्याने प्रियसच्या मालकांची आणखीच पंचाईत होते, मात्र जंप स्टार्टसाठी बॉनेटखालच्या फ्यूज पेटीत वेगळे टर्मिनल दिलेले असते. केबल उलटी लावली तर इन्व्हर्टरसह अनेक महागडे भाग जळू शकतात, तेव्हा लाल आणि काळी टोके दोनदा तपासावीत. आपल्या हायब्रिडने दुसऱ्याच्या पेट्रोल गाडीला जंप देण्याचा उपकार मात्र टाळावा. स्टार्टर मोटरचा भार या लहान बॅटरीसाठी नसतो.

मल्टीमीटरने विश्रांतीतील व्होल्टेज मोजल्यास चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. चार्ज करूनही दुसऱ्या दिवशी १२ च्या खाली येत असेल तर बदलावी. बॅटरी केबिनच्या आत असल्याने वायू बाहेर नेणारी नळी जोडता येईल अशीच, म्हणजे त्या मॉडेलसाठी बनवलेली बॅटरी घ्यावी आणि ती नळी आठवणीने परत लावावी. बॉनेटखाली बसणारी स्वस्त बॅटरी आकाराने मावली तरी इथे वापरू नये.

लांबच्या प्रवासाआधी ऋण टर्मिनल सोडवून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. टोयोटाचा मूळ जपानी नकाशा-रेडिओ असलेल्या अनेक गाड्यांत बॅटरी सुटली की तो संच कुलूपबंद होतो आणि संकेत टाकल्याशिवाय रेडिओही लागत नाही. त्यापेक्षा गॅरेजमध्ये वीज असल्यास ट्रिकल चार्जर (बॅटरी हळूहळू भरत राहणारा चार्जर) लावून जावे, किंवा शेजाऱ्याला आठवड्यातून एकदा तासभर गाडी ‘रेडी’ करून ठेवायला सांगावे.

हायब्रिडची मोठी बॅटरी घरी उघडता येईल का?

उघडू नये. ॲक्वाच्या बॅटरीचे व्होल्टेज १४४ असते आणि प्रियसच्या बॅटरीचे २०१.६, हा एकदिश प्रवाह जीवघेणा आहे. नारिंगी रंगाच्या केबलना हात लावायचा नाही, एवढा एकच नियम मुलांनाही सांगून ठेवावा. सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडणारा भाग) काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही मिनिटे विद्युतभार शिल्लक असतो. एखाद-दुसरे मॉड्यूल (बॅटरीतील सेलचा गट) बदलण्याचे व्हिडिओ पाहून पुष्कळ जण धाडस करतात, पण जुन्या मॉड्यूलांत एक नवे घातले की काही महिन्यांत शेजारचे जाते, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

आपल्या हातात आहे ते तिच्या हवेची वाट मोकळी ठेवणे. मागच्या सीटच्या खाली किंवा बाजूला जाळी असते, तिच्यातून पंखा केबिनची हवा ओढून बॅटरी थंड करतो. तिच्यावर स्वेटर, बाळाची चादर किंवा किराणा मालाची पिशवी पडलेली नेहमी दिसते. जाळीचे आवरण काढून आतील फिल्टर व्हॅक्यूम करणे हे दहा मिनिटांचे काम आहे. घरात कुत्रा असेल तर ते वर्षातून दोनदा करावे.

ब्रेक पॅड स्वतः बदलावेत का?

साध्या पेट्रोल गाडीचे, कोणा जाणकाराच्या सोबतीने, जरूर बदलावेत. टोयोटाच्या हायब्रिडला मात्र एक खास सवय आहे: ड्रायव्हरचे दार उघडताच ब्रेकचा विद्युत पंप जागा होतो आणि दाब तयार करतो. कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) उघडा असताना कोणी पाण्याची बाटली घ्यायला दार उघडले तर पिस्टन बाहेर येऊ शकतो आणि तिथे बोट असेल तर चिरडू शकते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी गाडी बंद करावी, चावी दूर ठेवावी, काही मिनिटे थांबावे आणि मग लहान बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवावे. काम झाल्यावर, गाडी हलवण्याआधी, पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून पाहावे. ब्रेक फ्लुइड बदलणे आणि हवा काढणे यासाठी या गाड्यांना निदान यंत्र लागते. ते काम गॅरेजला द्यावे.

रेडिओवर स्थानिक केंद्रे लागत नाहीत. काय करता येईल?

जपानचा एफएम पट्टा पूर्वापार ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा, नंतर ९५ पर्यंत वाढवलेला. इथली केंद्रे मात्र ८८ ते १०८ च्या दरम्यान आहेत. स्वस्त उपाय म्हणजे अँटेनाच्या वाटेत बसणारा बँड एक्स्पांडर. तो येणारी वारंवारिता ठरावीक अंतराने खाली आणतो: १२ मेगाहर्ट्झचा एक्स्पांडर लावल्यास १०१ चे केंद्र ८९ वर ऐकू येते. आवाज कामचलाऊ मिळतो, आणि शहरात केंद्रे एकमेकांवर चढतात.

दुसरा उपाय संपूर्ण संच बदलण्याचा. टोयोटाच्या जपानी गाड्यांत रेडिओची चौकट पुष्कळदा २०० मिलिमीटर रुंद असते, तर बाजारातील दुहेरी उंचीचे संच सुमारे १८० मिलिमीटरचे असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना भरीची पट्टी लागते. वायरी कापू नयेत. गाडीच्या कंपनीप्रमाणे जोडणीची तयार वायरिंग मिळते; टोयोटाला दहा आणि सहा पिनांचे कनेक्टर असतात, निस्सानला बहुधा वीस पिनांचा. स्टिअरिंगवरची बटणे आणि मागचा कॅमेरा चालू राहावा यासाठी वेगळे ॲडॅप्टर लागतात, आणि या कॅमेऱ्यापाशीच बहुतेकांचा शनिवार खर्ची पडतो. जुन्या संचातील दूरचित्रवाणी कधीच चालणार नाही, कारण जपानची डिजिटल प्रसारण पद्धत वेगळी आहे. नकाशाही जपानचाच राहील.

मूळ संच ठेवायचा असेल तर त्यातील नकाशाचे एसडी कार्ड काढू नये. ते काढल्यावर अनेक संच पूर्ण बंद पडतात.

गाडी सुरू केली की एक बाई जपानीत काहीतरी बोलतात. त्या काय म्हणतात?

टोलचे कार्ड घातलेले नाही, असे. ईटीसी नावाचे ते यंत्र जपानच्या टोलनाक्यांसाठी आहे. न्यूझीलंडमध्ये टोलचे रस्ते मोजकेच आहेत आणि तिथे कॅमेरा नंबर प्लेट वाचतो, त्यामुळे या यंत्राचा उपयोग शून्य. ते ग्लव्ह बॉक्समध्ये, स्टिअरिंगखाली किंवा सूर्यपट्टीमागे असते. मागचा कनेक्टर उपसला की प्रश्न मिटला.

पेट्रोल कोणते भरावे?

जपानचे साधे पेट्रोल किमान ८९ ऑक्टेनचे आणि उच्च प्रतीचे किमान ९६ चे असते. साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीला इथले ९१ पुरेसे आहे. टाकीच्या झाकणाआत ‘हाय-ऑक’ अशा अर्थाची जपानी सूचना असेल, विशेषतः टर्बो सुबारूत, तर ९५ वर समाधान मानण्यापेक्षा ९८ भरावे.

दिवे, काचा आणि सस्पेन्शन यांत काय बदलता येते?

येथे उत्साहाला आवर घालावा लागतो. हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडी किंवा एचआयडी बल्ब घातल्यास गाडी वॉरंट तपासणीत अडते. समोरच्याच्या डोळ्यांवर झगमगाट येतो तो वेगळाच. पिवळसर झालेल्या हेडलाइटच्या काचा पाण्यासोबत पॉलिश पेपरने घासून, वर संरक्षक थर दिल्यास उजेडात पडणारा फरक कोणत्याही बल्बपेक्षा मोठा असतो. पुढच्या दारांच्या काचांतून किमान ३५ टक्के प्रकाश आत यायलाच हवा. उंची बदलता येणारे सस्पेन्शन, इंजिनाची अदलाबदल किंवा स्टिअरिंगमधील फेरफार यांसाठी लो व्हॉल्यूम व्हेइकल प्रमाणपत्र (फेरफार केलेल्या गाडीची वेगळी तपासणी करून मिळणारे) लागते. बदल केल्यावर विमा कंपनीला न कळवणे ही सर्वांत महागडी काटकसर ठरू शकते.

सुधारणेसाठी पैसे काढून ठेवलेच असतील तर ते टायरवर खर्च करावेत. कायद्याने १.५ मिलिमीटर खोलीची नक्षी चालते, परंतु ऑकलंडच्या हिवाळी पावसात इतक्या झिजलेल्या टायरवर मोटरवेला जाऊ नये. जपानहून आलेली गाडी कधीकधी बर्फाच्या टायरवरच आलेली असते. तसे टायर ठेवायचे तर चारही चाकांना तेच हवेत आणि त्यांची नक्षी किमान ४ मिलिमीटर हवी.

एअरबॅगचा दिवा पेटला आहे. सीटखालचा कनेक्टर हलवून पाहू का?

पाहू नये. त्या वायरी स्फोटक इन्फ्लेटरपर्यंत जातात आणि दिवा पेटलेल्या गाडीला वॉरंट मिळत नाही. ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगबाबत न्यूझीलंड सरकारने २०१८ मध्ये सक्तीचा रिकॉल (सदोष भाग बदलण्यासाठी गाड्या परत बोलावणे) जाहीर केला होता आणि त्यात जपानहून आलेल्या वापरलेल्या गाड्याही होत्या. जुनी गाडी घेतली असेल तर चॅसिस क्रमांक किंवा नंबर प्लेटवरून रिकॉल तपासावा. रिकॉलचे काम मोफत होते.

निस्सान लीफची बॅटरी किती उरली आहे हे घरी कळू शकते का?

कळू शकते. ओबीडीचा (गाडीच्या निदान सॉकेटमध्ये बसणारा) ब्लूटूथ ॲडॅप्टर आणि ‘लीफ स्पाय’ हे ॲप यांवर बॅटरीचे आरोग्य टक्क्यांत आणि प्रत्येक सेल-जोडीचे व्होल्टेज दिसते. डॅशबोर्डच्या कडेचे बारा छोटे चौकोन ढोबळ अंदाज देतात. पहिला चौकोन जातो तेव्हा क्षमता सुमारे ८५ टक्क्यांवर आलेली असते. सोबत आलेली जपानी चार्जिंग केबल प्लगचा ॲडॅप्टर लावून इथल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला जोडू नये. इथल्या मानकाची केबल घ्यावी आणि भिंतीवरचा चार्जर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्यावा.

सुटे भाग भारतातून आणले तर स्वस्त पडतील का?

सुझुकी स्विफ्टच्या बाबतीत हा मोह विशेष होतो, कारण दिसायला ती मारुतीसारखीच असते. फिल्टर, वायपर अशा वस्तूंपर्यंत ठीक. बाकी कोणताही भाग कंपनीचा भाग क्रमांक शब्दशः जुळल्याशिवाय मागवू नये. इंजिनाचा संकेतच वेगळा असू शकतो. वापरलेला भाग सामानातून आणल्यास जैवसुरक्षा तपासणीत तो जाहीर करावा लागतो, आणि माती किंवा कीटक आढळल्यास तो आत येत नाही. इथल्या भंगार यार्डांत जपानी आयात गाड्याच अधिक असल्यामुळे आरसा, दाराचे हँडल किंवा विंडो मोटर तिथे स्वस्तात मिळून जाते.

जुने ऑइल आणि कूलंट कुठे टाकावे?

रस्त्याकडेच्या गटारात कधीही नाही. ते पाणी शुद्ध न होता थेट ओढ्याला आणि समुद्राला मिळते. ऑइल त्याच्याच रिकाम्या डब्यात भरून, झाकण घट्ट लावून, नगरपालिकेच्या कचरा हस्तांतरण केंद्रावर द्यावे. कूलंट वेगळ्या डब्यात ठेवावे, ऑइलमध्ये मिसळू नये, आणि ते गोडसर असल्याने मांजर-कुत्री चाटतील अशा ठिकाणी उघडे राहू देऊ नये.